अक्रोधाचा जय

युरोप-अमेरिकेतील लहान शहरांच्या वाद्यवृंदांचा हंगाम शरदात सुरू होऊन वसंताच्या अखेरीस संपतो, आणि समाप्तीच्या मैफलीस बाहेरगावचा पियानोवादक पाचारण करण्याचा दस्तूर पुष्कळ ठिकाणी आहे. हा पाहुणा विलक्षण परावलंबी असतो : व्हायोलिनवादक आपले वाद्य बरोबर घेऊन येतो, पण पियानोवादकास यजमानांच्या सभागृहात जो पियानो असेल त्याच्याशीच एक-दोन तालमींत सख्य जुळवावे लागते, आणि वर्षभर एकत्र वाजविणाऱ्या समुदायासमोर एकट्याने बसावे लागते. अशा प्रसंगी बेथोव्हेनचा चौथा कॉन्चेर्टो मुक्रर झाला, म्हणजे त्या एकटेपणास निराळाच अर्थ येतो. कारण त्याच्या मधल्या भागात, अवघ्या पाचएक मिनिटांत, धर्मचिंतकांनी शतकानुशतके ज्याचा खल केला तो प्रश्न उभा राहतो : क्रोधासमोर अक्रोध उभा ठाकला असता नेमके काय घडते?

महाभारताने आणि धम्मपदाने अक्रोधास जयाचे साधन मानले आहे. या ग्रंथांविषयी पूर्ण आदर बाळगूनही मला त्या जयाची शंका वाटत आली आहे. कारण जिंकण्याच्या हेतूने धारण केलेली क्षमा ही क्षमाच राहते, की ते एक अधिक सूक्ष्म शस्त्र होते, याचा उलगडा केवळ उपदेशाने होत नाही.

कॉन्चेर्टोच्या त्या मधल्या भागात फुंकवाद्ये नाहीत, नगारे नाहीत. केवळ तंतुवाद्ये आहेत, आणि तीही सगळी एकच धून, तुटक, कठोर, फर्मान वाचून दाखवावे तशी वाजवितात. पियानो उत्तर देतो ते अत्यंत मृदू, स्वरसंवादांनी भरलेल्या गाण्यात. हातोडी शक्य तितक्या कमी तारांवर पडावी म्हणून एक विशिष्ट पेडल सतत दाबून ठेवावे, अशी बेथोव्हेनची स्पष्ट आज्ञा आहे. पुढे फर्माने आखूड होत जातात, आवाज उतरतो, आणि अखेर तंतुवाद्ये जवळजवळ निःशब्द होतात. एकोणिसाव्या शतकापासून रसिकांना येथे पाताळाच्या द्वाराशी क्रूर देवतांना शांत करणारा ऑर्फियस दिसत आला आहे. ती कल्पना सुंदर आहे, पण मला ती पुरती पटत नाही. ऑर्फियस आपली पत्नी परत मागण्यासाठी गेला होता. हा पियानो काहीच मागत नाही.

आणि खरा मर्माचा क्षण त्यानंतर येतो. प्रतिपक्ष शांत झाल्यावर, जेव्हा विजयाची प्रसन्नता अपेक्षावी, तेव्हा पियानोच्या उजव्या हातात एक दीर्घ कंपित स्वर सुरू होतो, तो वाढत जातो, बेथोव्हेनच्याच सूचनेनुसार आता दोन आणि मग तीनही तारा मोकळ्या होतात, आणि इतका वेळ आवरून धरलेली वेदना एकदम फुटून बाहेर पडते. म्हणजे मृदुतेच्या पोटात वादळ होतेच. केवळ ते प्रतिपक्षावर फेकले गेले नव्हते. 22 डिसेंबर 1808 रोजी व्हिएन्नातील थंडगार नाट्यगृहात, पाचवी आणि सहावी सिंफनीही ज्यात प्रथमच वाजली अशा चार तासांच्या मैफलीत, हा स्वर ज्याने स्वतःच्या हातांनी वाजविला त्याची श्रवणशक्ती लोपत चालली होती, आणि वाद्यवृंदासह कॉन्चेर्टो वाजविण्यास तो त्यानंतर जाहीर रीतीने कधी बसला नाही. अक्रोध म्हणजे दुःखाचा अभाव नव्हे, हे त्या माणसाला कोणी शिकविण्याची गरज नव्हती.

यावर असा आक्षेप घेता येईल की, हे सारे कागदावर आधीच लिहिलेले आहे. तंतुवाद्यांचे मतपरिवर्तन झाले नाही, त्यांनी फक्त लिहिलेले स्वर वाजविले. आक्षेप रास्त आहे, आणि संगीत हा नीतिशास्त्रातील पुरावा नव्हे, हेही मी मान्य करतो. तथापि क्रोध शमण्यास किती काळ लागतो, आणि तेवढा काळ दुसऱ्याने कसा सोसावयाचा, हे कोणत्याही वचनात मावत नाही. येथे ते श्रोत्याला प्रत्यक्ष सोसावे लागते.

त्यानंतर खंड न पडता शेवटचा भाग सुरू होतो, आणि त्याचा आरंभ पियानो करीत नाही. तीच तंतुवाद्ये, आता अतिशय हलक्या आवाजात, एक नाचरी धून पुढे मांडतात. जणू तहाची कलमे प्रतिपक्षाकडूनच येतात. पियानो ती धून उचलतो, तिला आपले अलंकार चढवितो, त्याच्या साथीस एक एकटा चेलो येतो; आणि मग आतापर्यंत एकदाही न वाजलेली ट्रंपेटे व नगारे सर्व वाद्यवृंदासह दणदणत आत शिरतात.