उतरलेली कावीळ

१९८३ च्या पावसाळ्यात माझ्या काकांचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले. उरणात तेव्हा काविळीला दवाखाना नव्हे, माळ. पुनर्नवेच्या ओल्या काड्यांची माळ वैदूने त्यांच्या डोक्यावर ठेवली. ती रोज थोडी लांबत गळ्यात आली, मग छातीवर रुळली. तोवर डोळेही निवळले. "कावील उतरली," आजी म्हणाली. मी कितीतरी वर्षं तेच खरं धरून चाललो.

काड्या वाळून आकसतात, गाठी सैल पडतात, माळ लांबते. दूषित पाण्यातून येणारी कावीळही बहुधा काही आठवड्यांत आपली आपण ओसरते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात, म्हणून माळेवर विश्वास बसतो. त्या वैदूवर माझा राग नाही. त्याने फक्त एक नारळ घेतला होता.

पण पिवळेपणा ही नुसती खूण. ती पाण्यातल्या विषाणूची असते, पित्तनलिकेत अडकलेल्या खड्याची असते, दारूचीही असते. काकांच्या रक्तात हिपॅटायटिस बी होता. तो ओळखण्याची खूण शोधणाऱ्या बरूक ब्लमबर्ग यांना १९७६ सालीच नोबेल मिळालं होतं. आमच्या घरी ते कळायला आणखी पंधरा वर्षं गेली.

तेव्हा काकांचे पाय सुजले, पोटात पाणी झालं. काकांनी दारूला कधी हात लावला नव्हता, तरी आळीत कुजबुज झालीच. आजीला आजारापेक्षा ती जास्त लागली. मोऱ्याहून लाँचने भाऊच्या धक्क्यावर उतरून मुंबईला तपासण्या केल्या. रिपोर्टमध्ये एसजीपीटी ३८, म्हणजे नॉर्मल. आम्ही हरखलो. डॉक्टरांनी खालच्या ओळीवर बोट ठेवलं: अल्ब्युमिन २.४. साडेतीनच्या वर हवं होतं. पेशी फुटल्या की एसजीपीटी रक्तात सांडतं, ते म्हणाले. ज्या पेशी कधीच मरून गेल्या, त्यांच्यातून आता काय सांडणार? अल्ब्युमिन मात्र लिव्हरच बनवतं. किती लिव्हर कामाचं उरलंय, ते तिथे दिसतं. रक्त गोठायलाही वेळ लागत होता, प्लेटलेट्स उतरल्या होत्या.

काका दोन वर्षं जगले.

मग घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासलं. चुलतभावातही तोच विषाणू निघाला. तो रोज एक गोळी घेतो, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करतो. त्याच्या मुलीला जन्मल्या दिवशीच लस टोचली. रिपोर्ट हातात आला की एसजीपीटी ओलांडून तो आधी अल्ब्युमिनची ओळ शोधतो.