नामदेवांनी कान लावला



आजचं वाचन गीतेच्या नवव्या अध्यायातला 29 वा श्लोक. अर्थ सोपा आहे. भगवंत म्हणतात, सगळ्या जीवांच्या ठायी मी सारखाच आहे. मला कोणी नावडता नाही, कोणी लाडका नाही. जो भक्तीनं मला भजतो तो माझ्यात आणि मी त्याच्यात. आपल्यापैकी अनेकांचा हा श्लोक पाठ असेल. पण यातल्या ‘सगळ्या’ या शब्दात आपण कोणाकोणाला धरतो? आजचं चिंतन एवढ्या एकाच प्रश्नावर.

मंगळवेढा हे माझं आजोळ. दुष्काळात बादशहाची कोठारं लोकांसाठी उघडणाऱ्या दामाजीपंतांचं गाव, कान्होपात्रेचं गाव आणि चोखोबांचं गाव. चोखोबांना पंढरीच्या देवळात पाऊल टाकता येत नव्हतं. जन्मभर त्यांनी महाद्वाराबाहेरूनच विठ्ठलाला हाक मारली. 1338 साली मंगळवेढ्याच्या गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि इतर मजुरांबरोबर चोखोबाही ढिगाऱ्याखाली गेले. पुढची कथा तुम्हाला ठाऊक आहे. नामदेवराय आले. एवढ्या अस्थींमधून चोखोबांच्या कोणत्या, हे ओळखायचं कसं? तर ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आलं, त्या चोखोबांच्या. त्या पंढरपुरी नेल्या आणि महाद्वारासमोर समाधी झाली.

ही कथा सांगताना आपण नेहमी चोखोबांच्या नामनिष्ठेबद्दल बोलतो. ते बरोबरच आहे. पण नामदेवांकडेही बघा ना. जिथून कोणालाच काही ऐकू येण्याची आशा नव्हती, तिथे ते वाकले आणि त्यांनी कान लावला. ऐकणारा आला नसता तर ते नाम तिथेच मातीत राहिलं असतं.

आता थोडं घरातलं सांगतो. माझ्या मामेबहिणीचा, ताईचा, मुलगा नऊ वर्षांचा आहे. त्याला ऑटिझम आहे, ज्याला आपण स्वमग्नता म्हणतो. मेंदूची घडणच वेगळी असते. आवाज, उजेड, गर्दी त्याला आपल्यापेक्षा कितीतरी जास्त बोचते. तो शब्दांत बोलत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत ताईनं त्याच्यासाठी शहरात एका शिबिरात चौकशी केली. उत्तर मिळालं, “आमची काही हरकत नाही हो, पण बाकीच्या पालकांना चालणार नाही.” अतिशय गोड आवाजात. दार लावलं की आत कोण, बाहेर कोण हे ठरतंच. आवाज गोड असला म्हणून काय झालं?

मग मे महिन्यात मामांच्याच वाड्यात पाच दिवस सकाळचं छोटं शिबिर घ्यायचं ठरलं. ओळखीतल्या घरांतली अशी सहा मुलं, त्यांची भावंडं आणि आम्ही काही मोठी माणसं. शिकवणाऱ्या बाईंनी आधीच बजावलं होतं की मोठे आवाज नकोत आणि ठरलेला क्रम मोडायचा नाही. भिंतीवर चित्रांचं वेळापत्रक लावलं: आधी पाणी, मग खेळ, मग खाऊ, मग घर. पुढे काय होणार हे दिसलं की मुलांची भीती कमी होते. माजघरात पडदे ओढून एक शांत कोपरा केला, ज्याला नको वाटेल त्यानं तिथे जाऊन बसावं. टाळ-मृदंग बाजूला ठेवले आणि हलक्या टाळीवर नाम घेतलं. कोणी कानावर हात ठेवले, कोणी जागच्या जागी डुललं. कोणी कोणाला “नीट बस” म्हणालं नाही.

आमचा भाचा परातीतल्या ज्वारीजवळ बसायचा. मंगळवेढ्याची ज्वारी, दुसरं काय असणार! दाणे ओंजळीत घ्यायचे आणि बोटांतून सोडायचे, तासभर. मी रोज शेजारी बसायचो. तो माझ्याकडे बघायचा नाही. चौथ्या दिवशी त्यानं माझं मनगट धरलं आणि माझा हात ज्वारीत खुपसला. बस्स, एवढंच. ताई दारातून बघत होती. म्हणाली, “अरे, तो तुला खेळायला बोलावतोय.”

मंडळी, मला ते आमंत्रण कळलं, कारण मी चार दिवस तिथे बसलो होतो. यात चमत्कार काही नाही. तो पाचव्या दिवशी बोलायला लागला नाही, लागायची अटही नव्हती.

ताईला सगळ्यात जास्त काय बोचतं माहीत आहे? “मागच्या जन्मीचं काहीतरी असेल.” हे बोलणारी माणसं बहुतेक वेळा कपाळाला बुक्का लावलेली असतात. पश्चिमेतही हेच झालं, फक्त शब्द वेगळे. 1943 साली लिओ कॅनर या डॉक्टरांनी ऑटिझमचं वर्णन केलं आणि त्यानंतर कित्येक वर्षं आईच्या थंडपणावर खापर फोडलं गेलं. 1964 मध्ये बर्नार्ड रिमलँड यांनी ते खोडून काढलं. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि अशाच एका मुलाचे वडीलही. चोखोबांनाही त्यांचा जन्म दाखवूनच दाराबाहेर उभं केलं होतं ना? मग वारकरी म्हणवणाऱ्यानं तेच बोट एका लेकराकडे, त्याच्या आईकडे दाखवावं का? दुसऱ्या टोकाला “तो तर योगीच, देवमाणूस” असंही म्हणू नका. देवमाणूस म्हटलं की नमस्कार करून निघून जाता येतं. तो नऊ वर्षांचा मुलगा आहे आणि त्याला सुट्टीत खेळायला सोबती हवे आहेत.

चोखोबांच्या जातीसाठी पंढरीचं दार उघडायला 1947 चा मे महिना उजाडावा लागला. साने गुरुजी दहा दिवस उपाशी राहिले तेव्हा. चोखोबांनंतर सहाशे वर्षांहून जास्त काळ! दार आपोआप उघडत नाही, आतल्या माणसाला उठून कडी काढावी लागते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे, पण सोसायटीच्या शिबिरात कोणाला घ्यायचं हे तुमच्या-माझ्यासारखेच ठरवतात.

म्हणून आजचा संकल्प छोटासा. तुमच्या इमारतीत, बालसंस्कार वर्गात, भजनी मंडळात असं एखादं मूल असेल तर त्याच्या आईला आपणहून विचारा, “ताई, त्याला काय आवडतं? काय त्रास होतो?” स्पीकरचा आवाज कमी करा, एक कोपरा मोकळा ठेवा. आणि आज जपाच्या वेळेतली दहा मिनिटं कोणाजवळ तरी नुसतं बसा, काही न शिकवता. तोही जपच आहे.

श्लोकातलं ‘सगळे’ तिथून सुरू होतं.

रामकृष्ण हरी! 🙏