विसावा नसलेली रेषा

आजच्या मननाला श्वास नको. श्वास थोडासा तरी आपल्या ताब्यात असतो, रोखला तर घटकाभर थांबतो. जे आपले मुळीच ऐकत नाही, त्याच्याकडे वळू. मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला दोन बोटे ठेवा. मोजू नका. ठोका येऊ दे, जाऊ दे. आता एकच प्रश्न मनात धरा : या ठोक्याची सुरुवात कोण करते?

पहिले उत्तर बहुधा 'मेंदू' असे येईल. ते तूर्त बाजूला ठेवा.

१८९५ साली जर्मनीतल्या रोस्टॉकमध्ये ऑस्कर लांगेनडॉर्फ यांनी सस्तन प्राण्याचे हृदय शरीराबाहेर काढून धडधडते ठेवले. महाधमनीत नळी बसवून त्यांनी द्रव उलट्या दिशेने सोडला. त्या दाबाने महाधमनीची झडप मिटते, आणि द्रव हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांत शिरून स्नायूला पोसतो. ससा, मांजर, कुत्रा, सगळ्यांची हृदये अशी चालली. पुढे रक्ताचीही गरज उरली नाही. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, थोडे ग्लुकोज आणि भरपूर प्राणवायू असलेले ३७ अंशांचे पाणी पुरते. त्यातले कॅल्शियम लंडनच्या सिडनी रिंगर यांना नळाच्या पाण्याने आधीच दाखवून दिले होते, १८८० च्या दशकात. क्षारांचे द्रावण ऊर्ध्वपातित पाण्यात केले, की बेडकाचे हृदय मंद पडे; साध्या नळाच्या पाण्यात केलेल्या द्रावणात मात्र ते छान चाले.

मेंदू नाही, नसा तोडलेल्या, आणि तरी ठोका आहे. इथे थोडे थांबा.

आणि ससा? तो मारलेला असतो. ही गोष्ट ओलांडून जाणारे मनन मला खोटे वाटते. त्या जीवाला मनात जागा द्या. ती अस्वस्थता घालवायचा प्रयत्न करू नका, बरोबर असू द्या.

आता आणखी आत. उजव्या कर्णिकेत, वरची महाशिरा जिथे येऊन मिळते, तिथे काही मिलिमीटरांची एक पातळ पट्टी असते : सायनस नोड. आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांनी १९०७ मध्ये तिचे वर्णन केले. सशात ती इतकी पातळ असते, की कापून काढून कोमट द्रावणात पसरून ठेवली तरी कित्येक तास ठोके देत राहते. तिच्या एकाच पेशीत काचेची सुई शिरवायची, टोक एका मायक्रॉनहूनही बारीक. पडद्यावर त्या पेशीचा विद्युतदाब रेषा होऊन सरकू लागतो.

आधी शेजारच्या कर्णिकेतली साधी स्नायुपेशी पाहा. दोन ठोक्यांच्या मधे तिची रेषा उणे ८० मिलिव्होल्टच्या आसपास सपाट पडून असते. कोणी ढकलले, की उसळते. ढकलणारे नसेल, तर पडूनच राहते.

मग नोडची पेशी. तिची रेषा उणे ६० च्या सुमारास खाली येते आणि टेकत नाही. तळाला पोहोचली, की त्याच क्षणी चढू लागते. हळूहळू उणे ४० च्या जवळ आली, की कॅल्शियमची दारे उघडतात आणि ठोका होतो. मग पोटॅशियम बाहेर पडते, रेषा उतरते आणि पुन्हा चढू लागते. सपाट जागा कुठेही नाही.

इथे हवा तेवढा वेळ बसा. दोन ठोक्यांमधल्या ज्या अवकाशाला आपण विश्रांती समजत होतो, ती एक संथ चढण आहे. पुढचा ठोका मागच्याच्या पोटात तयार होत असतो. बोटाखाली काही जाणवत नाही, तेव्हाही काम चालूच आहे.

ही चढण कशाने होते, यावर अजून वाद आहे. काही जण पेशीच्या आत साठवलेल्या कॅल्शियमच्या झिरपण्याला मोठे श्रेय देतात, काही जण एका विद्युतप्रवाहाला. १९७९ मध्ये ऑक्सफर्डमध्ये हिलरी ब्राऊन, दारिओ दिफ्रान्चेस्को आणि सुझन नोबल यांनी सशाच्या नोडमध्येच एक उलट्या स्वभावाचा प्रवाह दाखवला. बहुतेक प्रवाह दाब वर गेल्यावर जागे होतात, हा खाली गेल्यावर. म्हणजे उतरणेच चढण्याला बोलावते. ॲड्रेनलिनने हा प्रवाह वाढतो, चढण उभी होते, ठोके जवळ येतात. व्हेगस नस मात्र तीच चढण सपाट करत नेते. नसांचा अधिकार एवढाच : वेग बदलणे. आरंभ त्यांचा नव्हे.

मग आरंभ कोणाचा? 'पहिली पेशी' शोधायचा मोह होतो. शोधून पाहा. नोडमध्ये हजारो पेशी, प्रत्येकीची चाल थोडी वेगळी, शेजारणींशी बारीक विद्युत-जोड. भजनात टाळ जसे एकमेकांना ऐकत एका लयीत येतात, तशा त्या सावरतात. ॲसिटिलकोलीन या रसायनाचा थेंब पडला किंवा तापमान बदलले, तर आघाडीची जागाच सरकते. इत्सुओ कोडामा आणि मार्क बॉयेट यांनी १९८५ मध्ये नोडचे बारीक तुकडे केले, तेव्हा तर कडेचे तुकडे मधल्यांपेक्षा जलद धडधडले. अखंड पट्टीत मात्र आघाडी मधल्या भागाची, कारण कडेला शेजारच्या शांत कर्णिकेची ओढ लागून राहते. सर्वांत जलद तोच पुढारी, हे इथे चालत नाही. आपल्या मनातला कर्ता शोधायची सवय या पट्टीपाशी येऊन अडते, आणि मला वाटते ती अडलेली बरी.

तो प्रश्न तसाच राहू द्या. बोटे काढली तरी हरकत नाही.

१९७९ च्या त्या प्रवाहाला अडवणारे आयव्हाब्रेडिन हे औषध २००५ पासून युरोपात वापरात आहे, आणि आज आपल्याकडेही छातीच्या दुखण्याच्या व अशक्त हृदयाच्या काही रुग्णांना ते दिले जाते. त्याने स्नायूचा जोर कमी होत नाही. दोन ठोक्यांमधली चढण तेवढी सौम्य होते.