अडसर

१४ ऑक्टोबर २०१४ ची संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी विधानसभेचं मतदान, त्यामुळे चिखलीतले प्रचाराचे भोंगे आदल्या दिवशीच गप्प झाले होते. ओसरीवर सोयाबीनची पोती लागलेली आणि आत टीव्हीवर दिल्ली विरुद्ध पुणे असा फुटबॉलचा सामना. इंडियन सुपर लीग सुरू होऊन जेमतेम तीन दिवस झाले होते. आमच्याकडे फुटबॉल म्हणजे शाळेच्या सामानाच्या खोलीत पडलेला, हवा गेलेला चेंडू. पण पुण्याचं नाव होतं म्हणून बसलो. सामना संपला, ०-०. भाचा आळस देत उठला. "मामा, काहीच तं नाही झालं."

मलाही तेव्हा तसंच वाटलं. पण ते वाक्य डोक्यात राहिलं.

त्या मोसमात पुण्याच्या संघात ब्रुनो चिरिल्लो नावाचा सदतीस वर्षांचा इटालियन बचावपटू होता. जन्म नेपल्सजवळच्या कास्तेल्लामारे दी स्ताबियाचा. रेज्जिना, इंटर मिलान, सिएना, मग ग्रीस, स्पेन, सायप्रस आणि उतरत्या वयात बालेवाडी. प्रशिक्षक फ्रांको कोलोम्बाही इटलीचेच. पोस्टरवर मात्र चेहरा फ्रान्सच्या डेव्हिड त्रेझेगेचा. साहजिक आहे. आघाडीवीराच्या कारकिर्दीला गोलांचा आकडा असतो. बचावपटूने आयुष्यभर काय केलं, हे कुठल्या वहीत मांडायचं? न झालेल्या गोलांचा हिशेब कोणी ठेवत नाही.

चिरिल्लोचं नाव जगभर झालं तेही एका ठोशामुळे. फेब्रुवारी २००४ मध्ये इंटर आणि सिएना यांच्या सामन्यानंतर मैदानातून आत जाणाऱ्या बोगद्यात इंटरच्या मार्को मातेराझीने त्याला मारलं. मातेराझी त्या दिवशी खेळतही नव्हता. चिरिल्लो फुटलेला ओठ घेऊन तसाच टीव्हीसमोर आला आणि मातेराझीवर दोन महिन्यांची बंदी आली. आता गंमत पाहा. २०१४ मध्ये चिरिल्लो पुण्याला आला, तेव्हा त्याच स्पर्धेत चेन्नईचा खेळाडू आणि प्रशिक्षक कोण, तर हाच मातेराझी! आणि चिरिल्लोचा पुण्यातला सहकारी त्रेझेगे म्हणजे २००६ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात ज्याची पेनल्टी आडव्या खांबाला लागली आणि कप मातेराझीच्या इटलीकडे गेला, तो. कादंबरीत एवढे योगायोग आले तर संपादक कात्री लावेल.

माझ्या मनातलं बचावाबद्दलचं मत मात्र ठोशाने नाही, एका शब्दाने बदललं. इटलीच्या बचावाच्या पद्धतीला 'कातेनाच्चो' म्हणतात. अर्थ पाहिला तर दाराचा अडसर, कडी. मूळ शब्द 'कातेना', म्हणजे साखळी. हे वाचलं आणि मी थेट शाळेच्या कबड्डीच्या मैदानात जाऊन पोचलो, कारण तिथे मी डावा कोपरा होतो आणि साखळी हा आमचा रोजचा शब्द होता. शेजारच्याच्या हाताला घामेजली बोटं अडकवून अर्धवर्तुळात मागेपुढे सरकायचं. एकाने झेप घेतली की दुसऱ्याने मागून पडायचं. साखळी तुटली की चढाईवाला सुटला.

पहिल्या दिवसांत मी घाबरून मागच्या रेषेला चिकटून उभा राहायचो. सर ओरडायचे, "हाताकडं काय पाह्यतं, पायाकडं पाह्य! येऊ दे त्याले आत." आत येऊ द्यायचं? मग थांबवायचं कोणाला? ते कळायला एक मोसम गेला. चढाईवाला बोनस रेषेकडे पाय टाकतो, तेव्हा क्षणभर त्याचा सगळा भार त्या एका पायावर येतो. त्याच क्षणी खाली जाऊन एक हात टाचेमागे, एक पावलावर, आणि घोटा छातीशी ओढून घ्यायचा. अर्धा सेकंद आधी गेलात तर तो मागे सरकतो, उशिरा गेलात तर तोंडावर लाथ. माझा समोरचा दात अजून थोडा हलतो. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या लोकांनी १९३६ मध्ये बर्लिनला जाऊन ऑलिंपिकच्या वेळी हा आपला खेळ दाखवला, हे सर अभिमानाने सांगायचे. ते पाहणाऱ्यांना त्यातला कोपरा कळला असेल का, कोण जाणे.

तिकडे युरोपात साधारण त्याच दशकात अडसराची कल्पना आकार घेत होती. स्वित्झर्लंडमध्ये कार्ल रापान नावाच्या ऑस्ट्रियन प्रशिक्षकाने एक माणूस बचावफळीच्याही मागे ठेवायला सुरुवात केली. त्यालाही फ्रेंचमध्ये अडसरच म्हणाले. १९३८ च्या विश्वचषकात त्याच्या स्विस संघाने दोन गोलांनी मागे पडून जर्मनीला ४-२ असं घरी पाठवलं. युक्ती दुबळ्यांची होती, हे लक्षात घ्यायला हवं. अंगात ताकद कमी, म्हणून दाराला आणखी एक आडवं लाकूड. इटलीतही ती आधी गरीब संघांनी उचलली. नेरेओ रोक्कोचा त्रिएस्तिना १९४७-४८ मध्ये तिच्या जोरावर संयुक्त दुसरा आला. मग रोक्को मिलानला गेला, १९६३ चा युरोपियन कप जिंकला आणि गरिबाचं हत्यार श्रीमंताच्या हातात आलं. हेलेनिओ हेरेराच्या इंटरने १९६४ आणि १९६५ मध्ये तोच कप जिंकला, तेव्हा अर्धा युरोप त्यांच्या नावाने बोटं मोडत होता. २५ मे १९६७ ला लिस्बनमध्ये स्कॉटलंडच्या सेल्टिकने त्यांना २-१ हरवलं आणि पुष्कळांना हायसं वाटलं.

मला या सगळ्यात सर्वांत आवडतं ते त्या मागच्या माणसाचं नाव. त्याला ते 'लिबेरो' म्हणत, म्हणजे मोकळा. सगळ्यांना एकेक माणूस नेमून दिलेला, फक्त याला कोणी नाही. अडसर आणि वर मोकळा! इंटरच्या अर्मांदो पिक्कीने त्या मोकळेपणाचा उपयोग झाडू मारायला केला. पुढे युव्हेंट्सच्या गाएतानो शिरेआने चेंडू घेऊन निवांत पुढे यायला सुरुवात केली, आणि साऱ्या कारकिर्दीत त्याला एकदाही लाल कार्ड दाखवायची वेळ पंचांवर आली नाही. इंटरचाच जाचिंतो फाकेत्ती तर डाव्या बगलेचा बचावपटू असून १९६५-६६ च्या लीगमध्ये १० गोल करून बसला. म्हणजे ज्या संघाला सगळे दार लावून बसणारा म्हणत, त्याचा एक दरवान सतत बाहेर फिरत होता.

मग आला आरिगो साकी. हा बुटांच्या धंद्यातला, व्यावसायिक फुटबॉल कधी न खेळलेला माणूस. १९८७ मध्ये मिलानचा प्रशिक्षक झाला आणि त्याने अडसर काढूनच टाकला. चौघांची रेषा एकदम पुढे सरकायची, समोरचा ऑफसाइडमध्ये अडकायचा. मधोमध हात वर करून उभा फ्रांको बारेसी, उंची जेमतेम पावणेसहा फूट. सहा नंबरचा तो हात मी जुन्या चित्रफितींत पुन्हापुन्हा पाहिला. तो पाहताना मला आमचे सर आठवतात. रेषेला चिकटायचं नाही, पुढे सरून समोरच्याला हवं तिथे पाय टाकायला लावायचं. आमच्या मातीत हे शास्त्र म्हणून कोणी लिहिलं नाही, एवढाच फरक.

एक गोष्ट मात्र मला मराठीबद्दल खटकते. चढाई, स्वारी, मुलूखगिरी हे आमचे फुशारकीचे शब्द. 'बचाव' म्हटलं की आरोपीचा वकील डोळ्यांसमोर येतो. 'अडसर' तर वर्तमानपत्रांनी पार नासवला. विकासातला अडसर, लग्नातला अडसर. आमच्या जुन्या घराचा अडसर सागाचा होता. दिवसभर भिंतीतल्या पोकळीत असायचा. रात्री आजी तो ओढून आडवा करायची, तेव्हा लाकूड दगडावर घासल्याचा आवाज यायचा आणि त्या आवाजानंतर आम्हा पोरांना झोप लागायची. त्याला अडथळा म्हणणारा माणूस दाराच्या बाहेर उभा असणार, एवढं नक्की. आणि याच भाषेत गडकरी, किल्लेदार ही आडनावं आहेत. राखणीची नोकरी पिढ्यान्‌पिढ्या नावाला चिकटून राहिली, तिचा मान तेवढा गळून पडला.

राखणीची किंमत आमच्या भागात अजून कोणाला ठाऊक असेल तर जागलीला जाणाऱ्यांना. हरभरा भरात आला की रानडुकरं आणि रोही येतात. मग थंडीत, टॉर्च आणि घोंगडी घेऊन रात्र शेतात काढायची. सकाळी दूध काढायच्या वेळेला माझे काका परत येत. "काय झालं रात्री?" विचारलं तर चहाची बशी तोंडाला लावत म्हणत, "काहीच नाही झालं." भाच्याच्या तोंडी होतं तेच वाक्य. काकांच्या आवाजात त्याचा अर्थ, पीक उभं आहे.

इटलीने २००६ चा विश्वचषक जिंकला तेव्हा सात सामन्यांत त्यांच्यावर दोनच गोल झाले. एक त्यांच्याच झाक्कार्दोने चुकून आपल्या जाळ्यात मारलेला, दुसरा झिदानची पेनल्टी. त्या वर्षी युरोपातल्या सर्वोत्तम खेळाडूचा सोन्याचा चेंडू कर्णधार फाबिओ कान्नावारोला मिळाला. तोही बचावपटू, तोही नेपल्सचा. अशा वेळी कोणी तरी वहीत मांडून ठेवलं, असं वाटतं. चिरिल्लोसारख्यांच्या वाट्याला ते येत नाही. पुण्याचा तो संघ पहिल्या मोसमात उपांत्य फेरीत पोचला नाही, आणि २०१९ मध्ये बंदच झाला. त्याची जागा हैदराबादने घेतली.

मध्यंतरी भाच्याला विचारलं, मतदानाच्या आदल्या रात्रीचा तो सामना आठवतो का? आठवतो म्हणाला. त्यात कोण होतं? "देल पिएरो होता नं, दिल्लीकडून." त्या रात्री आघाडीवीर देल पिएरोच्या नावावरही गोल नाही.