थडग्याच्या भिंतीवरचा संशय

हैदराबादच्या विद्यानगरमधल्या एखाद्या मराठी घरात माणूस जातो, दहाव्याला पिंड ठेवले जातात आणि सगळ्यांचे डोळे कावळ्याकडे लागतात. कावळा शिवेना, की कुणी वडीलधारं पुढे होऊन गेलेल्याला शब्द देतं : धाकटीचं लग्न आम्ही लावून देऊ, घराची वाटणी होऊ देणार नाही, जीव अडकवू नका. मुलगा एरवी यातलं काही मानत नाही. आत्मा, परलोक, गरुडपुराण, सगळ्यालाच त्याचा नकार असतो. पण त्या घटकेला तोही हात जोडून आभाळाकडे बघत असतो, आणि ते बघणं खोटं नसतं. न मानणं आणि वाट बघणं, दोन्ही एकाच माणसात एकाच वेळी खरं कसं असतं?

नाईलकाठच्या लोकांनी हा प्रश्न तीन-चार हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवला. तोही थडग्यांच्या भिंतींवर.

विद्यानगरहून इजिप्त वाटतं तितकं दूर नाही. शेजारच्या उस्मानिया विद्यापीठाचं १९३९ साली उभं राहिलेलं आर्ट्स कॉलेज ज्या बेल्जियन वास्तुरचनाकाराने आखलं, त्या अर्नेस्ट जास्पारचं नाव त्याआधी कैरोजवळच्या हेलिओपोलिस नगरीत झालं होतं. विद्यापीठाच्या आवारातली दाइरतुल मआरिफ ही संस्था १८८८पासून जुन्या अरबी हस्तलिखितांच्या संशोधित आवृत्त्या काढत आली आहे. आणि नामपल्लीच्या पब्लिक गार्डनमधल्या राज्य संग्रहालयात, काचेच्या पेटीत, इजिप्तमधली एक मुलगी झोपली आहे. तिचं नाव नैशू असल्याचं सांगतात. तिचा काळ सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचा मानला जातो. सहाव्या निजामांचे जावई नजीर नवाज जंग यांनी १९२०च्या सुमारास ती विकत आणली आणि पुढे ती संग्रहालयात आली. शाळेच्या सहली तिच्यापुढे थबकतात. ज्या संस्कृतीने देह टिकवण्यासाठी एवढा आटापिटा केला, तिची मृत्यूनंतरच्या आयुष्यावरची श्रद्धा पक्की, एकसंध असणार, असं त्या पेटीसमोर कुणालाही वाटेल.

लिहिलेलं वाचलं की चित्र बदलतं.

सुरुवात मात्र ठाम श्रद्धेनेच होते. सक्कारा इथल्या उनास राजाच्या पिरॅमिडमध्ये इ.स.पू. २३५०च्या आसपास कोरलेले मंत्र हे जगातल्या सर्वांत जुन्या धार्मिक लेखनांपैकी आहेत. राजाने उठावं, आकाशात जावं, ताऱ्यांमध्ये मिसळावं, एवढंच त्यांचं मागणं. हळूहळू हे मंत्र राजवाड्याबाहेर पडले, सरदारांच्या शवपेट्यांवर आले आणि शेवटी पपायरसच्या गुंडाळ्यांवर लिहून विकले जाऊ लागले. ज्याला आज ‘मृतांचा ग्रंथ’ म्हणतात तो हा. आपल्याकडे घरात मृत्यू झाला की गरुडपुराण वाचतात. तिथे ग्रंथच मृताच्या सोबत ठेवत. वाटेत लागणारी दारं, पहारेकरी, त्यांना द्यायची उत्तरं, सगळं त्यात असे.

त्या ग्रंथाचा १२५वा अध्याय न्यायनिवाड्याचा आहे. मृत माणूस ४२ देवतांसमोर उभा राहून एकेक पाप नाकारतो. तराजूच्या एका पारड्यात त्याचं हृदय, दुसऱ्यात मातचं पीस. मात म्हणजे सत्य, न्याय आणि जगाची घडी, तिन्ही एकदम. आपल्या ‘ऋत’ या वैदिक कल्पनेच्या ती बरीच जवळ जाते. हृदय जड भरलं तर शेजारी बसलेली, मगरीच्या तोंडाची अम्मित ते गिळून टाकते. यमाच्या दरबारात वही चित्रगुप्ताच्या, म्हणजे दुसऱ्याच्या हातात असते. इथे साक्षीदार म्हणजे माणसाचं स्वतःचंच काळीज. म्हणून तर ममीच्या छातीवर दगडी भुंगा ठेवत आणि त्यावर एक मंत्र कोरत : माझ्या हृदया, माझ्याविरुद्ध साक्ष देऊ नकोस, अशा अर्थाचा. जगाला फसवता येतं, हे जाणणाऱ्या माणसाची ही विनवणी आहे. इतकी प्रामाणिक भीती धर्मग्रंथांत क्वचितच भेटते.

आता त्याच थडग्यांमधली दुसरी भिंत.

मेजवानीच्या चित्रात एक वीणावादक बसलेला असतो, बहुधा आंधळा. त्याच्यासमोर त्याच्या गाण्याचे शब्द कोरलेले असतात. त्यांतलं सर्वांत प्रसिद्ध गाणं इंतेफ राजाच्या थडग्यातलं म्हणून ओळखलं जातं. थोर ऋषींची घरं आज कुठे आहेत, असं ते विचारतं. तिकडून परत येऊन तिथली हकीकत सांगणारा कुणी नाही. तेव्हा अंगाला सुगंध लाव, आजचा दिवस साजरा कर. चार्वाकाची आठवण यावी असा हा सूर आहे. मात्र चार्वाकांचं म्हणणं आपल्यापर्यंत पोचलं ते बहुतेक विरोधकांच्या ग्रंथांतून, खंडनासाठी मांडलेला पूर्वपक्ष म्हणून. इजिप्तमध्ये मात्र परलोकाची पूर्ण तयारी करून झोपलेल्या माणसाच्या उशाशीच हा संशय कोरला गेला.

थीब्जच्या नेफेरहोतेप नावाच्या पुजाऱ्याच्या थडग्यात तर त्याला उत्तरही आहे. तिथला एक वादक म्हणतो, की जुन्या थडग्यांतली ती गाणी मी ऐकली आहेत, पृथ्वीचं कौतुक करणारी आणि मृतांच्या देशाला कमी लेखणारी. त्या शांत देशाची अशी अवहेलना का करायची? लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की त्याच थडग्यात दुसरं गाणं मौजेचा उपदेशही करतं. पुजाऱ्याने एकाची निवड करून दुसरं पुसलं नाही. दोन्ही ठेवली.

बर्लिनमध्ये जपलेल्या एका पपायरसवर याहून जवळिकीचा वाद आहे. आयुष्याला कंटाळलेला एक माणूस आपल्या ‘बा’शी बोलतो. ‘बा’ म्हणजे माणसाचा जो अंश देह सोडून हिंडतो तो. चित्रांत तो माणसाच्या तोंडाचा पक्षी असतो. (पिंडाला शिवणाऱ्या कावळ्याशी याचं नातं जोडायचा मोह होतो, पण साम्यावरून वंशावळ काढू नये.) माणूस मृत्यूची ओढ सांगतो, आणि त्याचा आत्माच त्याला बजावतो, की थडगी बांधणाऱ्यांचीही वेदी शेवटी ओसच पडते, काळजी सोड, जग. आत्म्याने देहाला जगायला सांगावं, हे आपल्या विचारपरंपरेला उलटं वाटेल. पण कठोपनिषदातला नचिकेता यमाच्या दारात काय विचारतो? मेलेला माणूस असतो असं काही म्हणतात, नसतो असं काही म्हणतात, यातलं खरं कोणतं? आणि यम आधी टाळाटाळ करतो, दुसरा वर माग म्हणतो. संशयाला तिथेही दाराबाहेर ठेवलेलं नाही, थेट मृत्यूच्या घरात बसवलं आहे.

ज्या धर्माच्या घरात शंकेला बसायला पाट मिळतो तो धर्म दुबळा नसतो. उलट शंका बाहेर हाकलावी लागते तेव्हा घराच्या भिंती कच्च्या झालेल्या असतात. आधुनिक इजिप्तच्या साहित्यात हे फार जवळून दिसतं. नजीब महफूज कैरोच्या विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकलेले. त्यांच्या पहिल्या तीन कादंबऱ्या प्राचीन इजिप्तवरच्या. १९८३च्या एका पुस्तकात तर त्यांनी पहिल्या फॅरोपासून अन्वर सादातपर्यंतचे राज्यकर्ते मृतांचा देव ओसायरिस याच्या न्यायसभेत उभे केले. तराजू चार हजार वर्षांनीही चालू होता, फक्त पारड्यात आता सत्ताधाऱ्यांचं हृदय होतं.

त्याआधी १९५९मध्ये ‘अल-अहराम’ दैनिकातून त्यांची ‘अवलाद हारतिना’ ही कादंबरी क्रमशः आली. कैरोतल्या एका गल्लीची ही गोष्ट. गल्लीचा मूळ पुरुष गबलावी भिंतीआड, वाड्यात, कुणाला न दिसणारा. त्याच्या वंशजांत पैगंबरांच्या कथांच्या सावल्या, आणि शेवटी विज्ञानाचा प्रतिनिधी एक जादूगार. म्हातारा आहे की नाही, त्याला आपली पर्वा आहे की नाही, हे विचारत गल्ली जगते. वीणावादकाचाच प्रश्न, पण या वेळी भिंत मिळाली नाही. अल-अझहरच्या धर्मपंडितांनी आक्षेप घेतला, आणि पुस्तक १९६७मध्ये बैरूतहून निघालं. १९८८मध्ये महफूज यांना नोबेल मिळालं. १४ ऑक्टोबर १९९४ला, वयाच्या ८२व्या वर्षी, घरासमोर एका तरुणाने त्यांच्या मानेवर सुरा चालवला.

ते वाचले, पण मज्जातंतू दुखावले आणि उजवा हात जवळजवळ निकामी झाला. पुढे प्रयत्नाने तो थोडा वळू लागला, तेव्हा त्यांनी स्वप्नं लिहायला घेतली : काही ओळींची, कधी अर्ध्या पानाची. त्यांत मेलेले मित्र येतात, जुन्या घरांची दारं उघडतात, कुणी काही सांगायला लागतं आणि सांगणं पुरं व्हायच्या आत जाग येते. ‘अवलाद हारतिना’ इजिप्तमध्ये पुस्तकरूपाने यायला २००६ साल उजाडलं. त्याच वर्षी ३० ऑगस्टला महफूज गेले.