गजगुरू आणि बनावट स्पर्श

दत्तभक्तहो, भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताने यदुराजाला सांगितलेले चोवीस गुरू आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहेत. पतंग रूपाला भुलतो, हरिण नादाला, मासा जिभेच्या चवीला, आणि एवढा बलाढ्य हत्ती भुलतो तो स्पर्शाला. हत्तिणीच्या अंगस्पर्शाच्या ओढीने धावतो आणि बांधला जातो. आपले कीर्तनकार तर ती हत्तीण कागदाची, बनावट असल्याचं रंगवून सांगतात. भागवतातही त्याच ठिकाणी बजावलं आहे की विरक्ताने लाकडाच्या स्त्रीमूर्तीलासुद्धा शिवू नये. म्हणजे बनावट स्पर्शही मनाला बांधतो, हे आपल्या परंपरेला केव्हाच ठाऊक होतं.

हे आज आठवायचं कारण असं. नातवंडं डोळ्यांवर जो मोठा चष्मा चढवून खोट्या जगात फिरतात, त्या जगाला आता स्पर्श येऊ घातला आहे. खास हातमोजे निघाले आहेत. त्यांत बारीक बारीक हवेच्या पिशव्या असतात. समोर दिसणाऱ्या फळाला हात लावला की नेमक्या त्या बोटाखालची पिशवी फुगते आणि कातडीला दाब कळतो. काही मोज्यांत बोटं मागून अडवून धरण्याचीही सोय असते, त्यामुळे हातात खरंच काही धरल्यासारखं वाटतं.

मन याला फसतं कसं? 1998 साली शास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. माणसाचा खरा हात आडोशाला ठेवला, समोर रबरी हात मांडला आणि दोन्हींवर एकाच वेळी कुंचला फिरवला. थोड्या वेळाने त्याला तो रबरी हातच आपला वाटू लागला! डोळा आणि त्वचा यांची साक्ष जुळली की मन ‘हे माझं’ म्हणून मोकळं होतं. देह म्हणजे मी नव्हे, हे आपण पोथीत वाचतो. इथे तर रबरसुद्धा ‘मी’ झालं.

पण एवढ्यावरून या विद्येला मायाजाल म्हणून झिडकारणं बरोबर नाही. यंत्राच्या हाताने शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरला आतला भाग मऊ की कठीण ते बोटांना कळत नसे. आता तो जोर त्याच्या हातापर्यंत पोचवणारी यंत्रं आली आहेत. हात गमावलेल्याला कृत्रिम हाताने पेला किती घट्ट धरायचा ते कळावं, यासाठीही खटपट चालू आहे. यात पाप कुठे आहे?

खरा पेच पुढे आहे. 2020 च्या फेब्रुवारीत दक्षिण कोरियातल्या एका दूरचित्रवाणी वाहिनीने एक कार्यक्रम दाखवला. एका आईची सात वर्षांची मुलगी आजाराने गेली होती. संगणकावर त्या मुलीचं रूप तयार केलं, आईला चष्मा आणि हातमोजे घातले, आणि लेक समोर येऊन बोलू लागली. आईचे हात तिला कुरवाळायला पुढे झाले. पाहणारे रडले. कुणी म्हणालं, बिचारीला निरोप तरी घेता आला. कुणी म्हणालं, हा क्रूर खेळ आहे.

आपल्यापैकी किती जणांनी जोडीदार गमावला आहे! उद्या कुणी तो हात पुन्हा हातात देतो म्हणाला, तर काय करायचं?

‘पलीकडे कुणीच नाही, म्हणून ते खोटं’ असं उत्तर पटकन सुचतं. पण ते पुरत नाही. गेलेल्या नवऱ्याची शाल कपाटातून काढून गालाला लावणारी आजी काय खोटं करते? पलीकडे तर तिथेही कुणी नसतं. फरक आहे तो असा: शाल काही बोलत नाही. ती आठवण जागवते आणि गप्प राहते. मोज्यातली लेक मात्र बोलते, हसते, आणि तिचे शब्द दुसऱ्याच कुणी लिहिलेले असतात. गेलेल्याच्या तोंडी आपण आपल्या सोयीचं बोलणं घालतो.

कुणी विचारेल, मग पादुका तरी काय, दगडच ना? खरं आहे, आणि भक्ताला ते माहीत असतं. पादुका त्याला गोंजारत नाहीत, त्याच्या मनासारखं बोलत नाहीत. तिथे तो काही घ्यायला नाही, डोकं खाली करायला जातो. गाणगापुरात तर निर्गुण पादुकांचं दर्शन छोट्या झरोक्यातून घ्यायचं असतं, हात लागत नाही. तरी कुणी रिकाम्या मनाने परतत नाही. म्हणजे भक्तीची भूक कातडीची नव्हे.

गजगुरूची गोष्ट इथे नीट पाहावी. हत्तीला मोह झाला, हे त्याचं दुर्दैव नव्हे. मोह कुणाला होत नाही? तो अडकला आणि कळपात परत जाऊ शकला नाही, हे दुर्दैव. म्हणून माझ्या मते कसोटी एकच: मोजा काढल्यावर हात कुणाकडे जातो? त्या कोरियन आईच्या घरचे लोक बाजूला बसून हे सारं पाहत होते. भेटीनंतर हात त्यांच्याकडे वळला, तर ते औषध. पुन्हा पुन्हा मोज्याकडेच वळला, तर तो खड्डा.

परदेशातला मुलगा पुढेमागे असा मोजा पाठवील आणि म्हणेल, “आई, आता रोज माझा हात धर.” जरूर धरावा, पलीकडे तो खरा आहे. मात्र त्याला हेही सांगावं, की बाबा, वर्षातून एकदा ये. आणि आपणही शेजारच्या खोलीत अंथरुणाला खिळलेलं जे माणूस असेल, त्याच्या पायांना आज रात्री तेल लावावं. त्याला मोजा लागत नाही.

अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त!