राजद्वारीची याचना आणि अनुमोदनाचा दोष

निवृत्तिमार्गी साधकाने राजद्वारी जावे काय, हा प्रश्न धर्मचिंतनात नवा नाही. ज्याने घर, गोत आणि ग्राम यांचा संबंध सोडला, त्याला राज्यकारभाराशी काय कर्तव्य? शिवाय राजाचा आश्रय घेतला की राजाचा शब्दही झेलावा लागतो. आश्रयाने वाढलेले पंथ आश्रयाबरोबरच क्षीण झाल्याची उदाहरणे इतिहासात थोडी नाहीत. हा पूर्वपक्ष बळकट आहे. त्यास हलक्या हाताने बाजूस सारणे योग्य नव्हे. तथापि गेल्या काही वर्षांत नाना धर्मांच्या आचार्यांनी जगातील राज्यकर्त्यांपुढे जी एक मागणी पुनःपुन्हा मांडली, तिच्या निमित्ताने या प्रश्नाचा विचार नव्याने करणे प्राप्त आहे.

ती मागणी हवामानासंबंधीची होय. कोळसा, खनिज तेल व वायू जाळल्याने निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेत साठत जातो, त्यातील मोठा भाग शतकानुशतके तेथेच राहतो आणि पृथ्वीची उष्णता अडवून धरतो. यंत्रयुगापूर्वी हवेच्या दर दहा लक्ष भागांत त्याचे सुमारे २८० भाग होते. २०१५ च्या सुमारास ते ४०० च्या वर गेले. त्याच वर्षी पॅरिस येथे राष्ट्रांची हवामान परिषद भरावयाची होती. तत्पूर्वी जून महिन्यात ख्रिस्ती धर्मगुरू पोप फ्रान्सिस यांचे ‘लाउदातो सी’ हे पत्र प्रसिद्ध झाले, ऑगस्टमध्ये इस्तंबूल येथे मुसलमान विद्वानांनी आपले निवेदन काढले, बौद्धांचे व हिंदूंचेही निवेदन त्याच वर्षीचे. २८ नोव्हेंबर २०१५ रोजी पॅरिसलगतच्या सँ-दनी येथे निरनिराळ्या धर्मांच्या अनुयायांच्या सुमारे १८ लक्ष सह्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या हवामानविषयक प्रमुख क्रिस्तियाना फिगेरेस यांच्या हाती देण्यात आल्या.

सह्यांची संख्या मोठी होती खरी, परंतु तिच्यापेक्षा एका पुरुषाची कथा अधिक चिंतनीय आहे. फिलिपीन्स देशाचे येब सान्यो हे २०१३ साली वॉर्सा येथील परिषदेत आपल्या देशाचे प्रतिनिधी होते. परिषद भरण्यापूर्वी अवघ्या काही दिवसांत, ८ नोव्हेंबर रोजी, हैयान नावाचे प्रचंड वादळ त्यांच्या देशावर आदळले व हजारो माणसे मृत्युमुखी पडली. त्यांचा भाऊ तिकडे प्रेते उचलण्याच्या कामी लागला होता. सान्यो यांनी सभेत उभे राहून सांगितले की, काही अर्थपूर्ण निर्णय दृष्टीस पडेपर्यंत या परिषदेत आपण अन्न घेणार नाही. आणि त्यांनी ते पाळले. पुढे २०१५ साली राजप्रतिनिधीचे पद मागे ठेवून ते काही सोबत्यांसह रोमहून पॅरिसपर्यंत, सुमारे १५०० किलोमीटर, पायी चालत गेले. अटनाचे माहात्म्य जाणणाऱ्यांस या चालण्यातील अर्थ निराळा सांगावयास नको. जो कालपर्यंत राजसभेत बसून बोलत होता, तोच आता दारी उभा राहून मागत होता.

आता शंका अशी की, ही याचना म्हणजे प्रपंचातील आसक्तीच नव्हे काय? पृथ्वी तापो की निवो, जीवाचे बंधन काही त्याने सुटत नाही. मग साधकाने त्यात का पडावे? याचे समाधान हिंसेच्या विचारातूनच करावे लागते. योगशास्त्रात हिंसा तीन प्रकारची मानली आहे: स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करविलेली आणि अनुमोदिलेली. पहिल्या दोहोंपासून भिक्षुक सहसा दूर असतो. तिसरीचे मात्र तसे नाही. मठातील समईच्या जागी विजेचा दिवा आला, त्यालाही आता बराच काळ लोटला. ती वीज बव्हंशी चंद्रपूर, कोराडी, परळी येथील भट्ट्यांत कोळसा जळून तयार होते. भारतातील सुमारे सत्तर टक्के वीज आजही कोळशाचीच आहे. त्या धुराने समुद्र चढतो, पाऊस अनियमित होतो, आणि ज्याने तो दिवा कधी लावला नाही अशा कोरडवाहू शेतकऱ्याचे पीक जाते. ज्याचा जन्मही अद्याप झालेला नाही त्याचेही जावयाचे आहे. दिवा लावणाऱ्याच्या मनात हिंसेचा लेशही नसतो. परंतु कळल्यानंतरही तो मौन राहिला, तर त्या मौनास अनुमोदनावाचून दुसरे नाव देता येत नाही.

मग दिवा मालवून टाकला म्हणजे झाले, असे कोणी म्हणेल. व्यक्तीपुरते ते ठीक. पण भट्टी तेवढ्याने विझत नाही, कारण ती कोणा एका गृहस्थाची नसून राज्याच्या धोरणावर चालते. ‘लीळाचरित्रा’तील सशाच्या रक्षणाची लीळा येथे स्मरणीय आहे. पाठलागाने त्रासलेला ससा सर्वज्ञांच्या जानूखाली येऊन शरण राहिला. मागून आलेल्यांनी तो मागितला. स्वामींनी तो दिला नाही. पण त्यांच्यावर रोषही केला नाही. त्यांना त्यांच्या कर्माचा विचार करावयास लावले, आणि त्यांनी ससा सोडला. तेथे मारणारे समोर उभे होते, म्हणून बोलणे त्यांच्याशीच झाले. आज मारणारा हात कोट्यवधी लोकांत विभागलेला आहे. त्यांचा एकत्रित हात जर कोठे असेल तर तो राज्यसंस्थेत. तेव्हा बोलणेही तेथेच जाऊन करणे भाग आहे. शरणागतासाठी केलेली ही याचना आश्रय मागणाऱ्याच्या याचनेहून सर्वस्वी भिन्न होय. तीत मागणाऱ्याला स्वतःसाठी काही नको असते, म्हणूनच राजाचा शब्द झेलण्याचा प्रसंगही त्याच्यावर येत नाही.

येथे एक सावधगिरी मात्र राखली पाहिजे. कोळसा बंद करा, असे श्रीमंत देशातील भोगी मनुष्याने म्हणणे आणि ज्या घरात कालपरवा पहिला दिवा लागला त्या घरास तेच सांगणे, यांत न्यायाचा मोठा भेद आहे. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी रोममध्ये व्हॅटिकन येथे सुमारे ४० धर्मप्रमुख जमले, तेव्हा हा भेद त्यांच्या ध्यानी होता असे दिसते. पोप फ्रान्सिस, कँटरबरीचे तत्कालीन आर्चबिशप जस्टिन वेल्बी, अल-अझहरचे प्रमुख इमाम अहमद अल-तय्यब प्रभृतींच्या त्या संयुक्त आवाहनात तापमानवाढ १.५ अंशांच्या आत राखावी, आणि संपन्न राष्ट्रांनी यात पुढाकार घ्यावा, अशी मागणी होती. ते आवाहन ग्लासगो परिषदेचे नियोजित अध्यक्ष आलोक शर्मा यांच्या हाती देण्यात आले. नोव्हेंबरात परिषद संपताना मसुद्यातील कोळशाचा वापर ‘बंद करणे’ हे शब्द भारताच्या सूचनेवरून ‘कमी करणे’ असे झाले. गरीब देशाची अडचण त्यामागे होती; तरीही समुद्र ज्यांच्या उंबऱ्याशी आला आहे त्या बेटांच्या प्रतिनिधींना तो बदल जिव्हारी लागला. दोघांचेही दुःख खरे होते.

मागणी पुरती फळली नाही म्हणून ती व्यर्थ ठरत नाही. ती व्यर्थ ठरते ती मागणाऱ्याचे हात त्याच कर्मात गुंतलेले असले तर. व्हॅटिकनमधील आवाहनात धर्मप्रमुखांनी स्वतःच्या संस्थांविषयीही वचने दिली होती, आणि खरी कसोटी तेथेच होती. इंग्लंडच्या चर्चचा निधी तेलकंपन्यांत गुंतलेला होता. २०१८ साली त्याच्या धर्मसभेने कंपन्यांना सुधारण्यासाठी २०२३ पर्यंतची मुदत दिली. पाच वर्षे वाटाघाटी चालल्या; आत राहूनच त्यांचे मन वळवता येईल असे अनेकांना प्रामाणिकपणे वाटत होते, आणि त्या काळात लाभांशही येत राहिला. अखेर जून २०२३ मध्ये त्या चर्चच्या विश्वस्तांनी शेल, बीपी आदी कंपन्यांतून आपला पैसा काढून घेण्याचे जाहीर केले.